बर्डीवरून आणलेलं घर्षणाचं किट: फळी एक नंबर, पुस्तिकेत मात्र मोठी चूक

आपल्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात आणि मे महिन्यात दुपारी ११ ते ५ पोट्ट्यांना बाहेर सोडायची सोय नाही, त्यामुळे घरात कूलरसमोर बसवून काय करायचं हा दरवर्षीचा प्रश्न असतो. यावेळी मोबाईल द्यायचा नाही असं ठरवलं होतं, म्हणून बर्डीवर (नागपूरच्या सीताबर्डी बाजारात) सायन्स मॉडेलचं सामान विकणाऱ्या एका दुकानातून घर्षणाचं किट आणलं. डब्यावर किंमत ८५० होती, ७८० ला मिळालं. माझी मोठी सहावीत जाणार आहे आणि लहाना दुसरीत. आता तीन आठवडे झाले, रोज नाही पण एक दिवसाआड तरी ते किट बाहेर निघतं, म्हणून म्हटलं नीट सविस्तर लिहावं, कारण मी घ्यायच्या आधी शोधलं तेव्हा मराठीत कोणीच धड सांगितलेलं नव्हतं.

डब्यात काय आहे ते आधी सांगते. ४५ सेंटीमीटरची एक फळी, ती खालच्या पट्टीला बिजागरीने जोडलेली आहे, म्हणजे एक टोक वर उचललं की उतार होतो आणि बाजूला कोनमापक चिकटवलेला आहे. एक लाकडी ठोकळा, १० बाय ६ बाय ४ सेंमी, त्याला आकडी. ठोकळ्याच्या एका रुंद बाजूला पॉलिश पेपर, एका अरुंद बाजूला रबर, बाकी दोन बाजू साध्या लाकडाच्या. फळीवर ठेवायला सनमायकाची, काचेची आणि रबराची अशा पट्ट्या. २५० ग्रॅमचा स्प्रिंग बॅलन्स ज्याला पुस्तकात तानकाटा म्हणतात. १२ कंचे, एक प्लास्टिकचं झाकण, बोरिक पावडरची छोटी डबी आणि १६ पानांची पुस्तिका. बस.

सगळ्यात भारी वस्तू म्हणजे ती फळी. खरं सांगते, फळी सोडून बाकी सगळं घरी जमवता येतं, पण बिजागरीमुळे उतार हळूहळू वाढवता येतो ना त्याने फार फरक पडतो. आम्ही आधी पुस्तकांवर पाट टेकवून करून पाहिलं होतं तर उचलताना हात हलायचा आणि ठोकळा त्या धक्क्यानेच घसरायचा. या फळीला मागे खाचांचा टेकू आहे, एकेक खाच वर सरकवायची आणि श्वास रोखून बघायचं, आता जातो की मग जातो. मोठी एक खाच वाढवते, लहाना जमिनीवर गाल टेकवून बघत राहतो आणि घसरला की दोघं ओरडतात. साधं लाकूड फळीवर २४ अंशाला घसरलं. सनमायकावर १७ ला. पॉलिश पेपरची बाजू खाली केली तर ४० पर्यंत ठोकळा जागचा हलला नाही. सनमायकावर बोरिक पावडर टाकली तर ११ लाच सुटला आणि खाली लादीवर जाऊन थांबला, ते बघून लहान्याला लगेच कॅरम आठवला. त्याने विचारलं की पावसाळ्यात सोंगट्या अडकतात ते का, आणि मग आम्ही कूलरच्या अगदी समोर रात्रभर पावडर उघडी ठेवून सकाळी पुन्हा केलं तर पावडरच्या बारीक गुठळ्या झालेल्या आणि कोन १४ वर गेलेला. हा प्रयोग पुस्तिकेत नाही, त्याचा त्याने काढला.

कोनमापकाचं स्टिकर मात्र वाकडं चिकटवलं होतं. फळी सपाट असताना २ अंश दाखवत होतं. वर दिलेले आकडे आम्ही ते २ वजा करून लिहिलेत. घेतल्या घेतल्या सपाट ठेवून शून्य येतं का ते बघून घ्या, दुकानातच डबा उघडून बघा, आमच्या दुकानदाराने आनंदाने उघडू दिला होता पण हे बघायचं मलाच सुचलं नाही.

तानकाट्याची एक गंमत सांगायची आहे कारण यावर मी दोन दिवस घातले. काटा उभा टांगला की शून्यावर बरोबर, पण ठोकळा ओढायला आडवा केला की काटा शून्याच्याही मागे जायचा. मी म्हटलं खराब माल दिला, परत करून येते. वरच्या मजल्यावर एक काका राहतात, रेल्वेतून रिटायर झालेले, त्यांना दाखवलं तर ते म्हणाले, "अगं ताई, तो खराब नाही, उभा असतो तेव्हा त्याच्या आकडीचं आणि दांडीचं वजन स्प्रिंगवर लटकून राहतं ना, आडवा केला की ते वजन काढून घेतलं तू. आडवाच धरून शून्य लाव." वरचा स्क्रू फिरवून आडव्यातच शून्य लावलं आणि झालं. ही एवढी साधी गोष्ट पुस्तिकेत लिहायला पाहिजे होती, एका ओळीचं काम होतं. किती आयांनी हा काटा खराब समजून फेकला असेल.

काटा नीट झाल्यावर मग खरी मजा सुरू झाली. ठोकळा किचनच्या काट्यावर १६८ ग्रॅम भरला. लाकडी फळी सपाट ठेवून हळूहळू ओढला की काटा ४०, ५०, ६० असा चढत जातो, ठोकळा हलत नाही, ७५ ला झटका बसून सुटतो आणि सुटला की काटा खाली येऊन ५५ च्या आसपास राहतो. मोठीने विचारलं की आई चालू झाल्यावर कमी का झालं. सुरू व्हायला जास्त जोर लागतो आणि सुरू झालं की कमी, पहिल्याला स्थितिक घर्षण आणि दुसऱ्याला गतिक घर्षण म्हणतात हे मी सांगितलं, पण तिला ते कळलं तिच्या बाबांमुळे. एकदा बंद पडलेली गाडी ढकलताना पहिल्या धक्क्याला सगळ्यांना बोलवावं लागलं आणि नंतर बाबांनी एकट्यानेच ढकलत नेली होती, ते तिला आठवलं.

आणि आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले ते. फळीचा कोन आणि काट्याचा आकडा या दोन गोष्टी एकमेकींना जोडलेल्या आहेत आणि पुस्तिकेत हे कुठेच नाही. २४ अंशाला ठोकळा सुटला तेव्हा फळीचं वरचं टोक १८ सेंमी उंच होतं आणि खालची आडवी लांबी ४१ सेंमी. १८ ला ४१ ने भागलं तर ०.४४. आता ठोकळ्याचं वजन १६८, त्याचे ०.४४ पट केले तर ७४ येतात. आणि काट्यावर काय आलं होतं? ७५! फळी तिरपी करून काढलेलं आणि सपाट ठेवून ओढून काढलेलं उत्तर एकच. मोठीने तीन वेळा भागाकार करून पाहिला, मग सनमायकावर करून पाहिलं, तिथे ०.३१ आला आणि ओढायला ५० लागले, म्हणजे तेही जुळलं. या भागाकाराच्या उत्तराला घर्षण गुणांक म्हणतात आणि कॉलेजमध्ये तो टॅन थीटा म्हणून शिकवतात, पण सहावीच्या पोरीला टॅन नको, उंची भागिले आडवं एवढंच पुरतं. तिचा चेहरा बघायला पाहिजे होता. मी बी.एस्सी. ला हे पाठ केलं होतं, बघितलं आत्ता.

मग वजन वाढवून बघितलं. ठोकळ्यावर बरोबर १६८ ग्रॅम तुरीच्या डाळीची पुडी रबर बँडने बांधली. सपाट ओढायला दुप्पट म्हणजे दीडशे लागले. ते दोघांनाही पटलं. पण उतारावर काय होईल यावर पैज लागली, लहाना म्हणाला जड झाला तर लवकर घसरेल, मोठी म्हणाली जड झाला तर उशिरा. दोघंही चुकले, पुन्हा २४ च. जड झाल्यावर खाली खेचणारा जोर जितका वाढतो तितकंच धरून ठेवणारं घर्षणही वाढतं, म्हणून कोन तोच. यावर लहान्याचा विश्वासच बसेना, त्याने डाळ काढून तांदूळ बांधले, तांदूळ काढून त्याचे कंचे बांधले.

आता पुस्तिकेची चूक. पान ९ वर ठळक अक्षरात लिहिलंय की जितका पृष्ठभाग मोठा तितकं घर्षण जास्त. प्रयोग असा दिलाय की ठोकळा आधी रुंद बाजूवर ओढा, मग अरुंद बाजूवर ओढा आणि फरक बघा, आणि खाली उत्तर आधीच छापून ठेवलंय. मोठीने केलं. रुंद बाजू ६० चौरस सेंमी, अरुंद बाजू ४० चौरस सेंमी, दोन्ही साध्या लाकडाच्या. दोन्हीकडे ७५! एकदा ७३, एकदा ७७ आलं, पण फरक म्हणावा असं काहीच नाही. पोरगी बिचारी रडकुंडीला आली की माझंच काहीतरी चुकून राहिलं, पुस्तकात तर छापलंय. तिने पाच वेळा केलं. आणि मला या गोष्टीचा मनापासून राग आला, कारण पोरीचं बरोबर होतं आणि पुस्तक चुकीचं होतं आणि ती स्वतःला चूक समजत होती. ही काही नवीन गोष्ट पण नाही हो, फ्रान्समधल्या आमोंतोंने १६९९ मध्ये हे मांडलं होतं की कोरड्या घासणाऱ्या वस्तूंमध्ये घर्षण वस्तू किती जोराने एकमेकींवर दाबल्या जातात त्यावर अवलंबून असतं, किती जागा चिकटून आहे त्यावर नाही, आणि नंतर १७८५ मध्ये कूलॉम्बने त्यावर आणखी काम केलं. लिओनार्दो दा विंचीच्या वह्यांमध्ये तर त्याच्याही दोनशे वर्षं आधी हे सापडतं. तीनशे वर्षांपूर्वी माहीत असलेली गोष्ट मुलांच्या पुस्तिकेत उलटी छापली आहे.

का असं होतं हे समजावायला सासूबाई कामी आल्या. आमच्याकडे अजून पाटा-वरवंटा आहे. त्यांनी नातीचा हात धरून पाट्यावरून फिरवला आणि सांगितलं, वापरून वापरून गुळगुळीत झाला की चटणी वाटलीच जात नाही, नुसती सरकते, मग पूर्वी टाकी लावणारे दारावर यायचे, ते छिन्नीने ठोकून खड्डे पाडून द्यायचे. मी म्हटलं हे बघ, आपल्याला गुळगुळीत दिसणाऱ्या लाकडावर पण असेच पण खूप बारीक उंचवटे आणि खड्डे असतात, दोन वस्तू खरं तर त्या उंचवट्यांच्या टोकांवरच टेकतात, बाकी मध्ये हवाच असते. रुंद बाजूवर ठेवला तर टोकं जास्त पण प्रत्येकावर दाब कमी, अरुंदवर टोकं कमी पण प्रत्येक जास्त दाबलं जातं, वजन तेच १६८ म्हणून खरी टेकलेली जागा जवळपास तेवढीच. आजी म्हणाल्या बरोबर आहे, वरवंटा दाबल्याशिवाय कुठे वाटण होतं. रबराला हा नियम इतका नीट लागू होत नाही, ते मी मोठीला सांगून ठेवलंय कारण ती रबरावर करून पाहणार हे मला माहीत होतं.

तसंच पुस्तिका म्हणते की खडबडीत म्हणजे जास्त घर्षण, गुळगुळीत म्हणजे कमी. हे अर्धंच खरं आहे. पॉलिश पेपरला ते लागू झालं. पण काचेच्या पट्टीवर दोन थेंब पाणी टाकून त्यावर दुसरी साधी काच ठेवून बघा, दोन्ही गुळगुळीत, तरी अशा चिकटतात की सुटता सुटत नाहीत. बारीक उंचवटे एकमेकांत अडकणं हा घर्षणाचा एक भाग आहे आणि दोन वस्तूंचं एकमेकींना चिकटून धरणं हा दुसरा. काचेच्या कडा मात्र धारदार आहेत, किटमधल्या पट्टीच्या पण. मी चारी बाजूंनी सेलोटेप लावून मगच पोरांच्या हातात दिली, तुम्हीही लावा.

कंच्यांचा प्रयोग ठीक आहे, झाकणाखाली कंचे ठेवून वर पुस्तक ठेवायचं आणि एका बोटाने ढकलायचं, दुसरीतल्या पोराला खूप आवडतो. पण आमच्याकडे त्याहून भारी झालं. लहान्याने माळ्यावरून मागच्या तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल काढायला लावला. बाहेरच्यांना सांगते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे पोट्टे चाकं लावलेले लाकडी बैल सजवून घरोघरी ओढत नेतात आणि बोजारा (खाऊ, पैसे) मिळवतात, नागपुरात ही परंपरा भोसल्यांच्या काळापासूनची आहे. तर तो बैल ४१० ग्रॅमचा. काट्याची आकडी दोरीला अडकवून लादीवरून ओढला, २५ ते ३० ग्रॅम. मग चारी चाकं सुतळीने बांधून टाकली आणि ओढला, दीडशेला जाऊन सुटला. पाच पट! चाक सरकत नाही, फिरतं, म्हणून लादीशी घासणं जवळपास संपतं, उरतं ते फक्त चाक आणि आस यांच्यात. मग आसावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाकला तर २० वर आलं. लहाना दिवसभर बैल घेऊन फिरत होता आणि भेटेल त्याला हे सांगत होता.

त्याने काकांनाही जाऊन सांगितलं, आणि काकांनी त्याला उलटी गोष्ट सांगितली की रेल्वेत घर्षण कमी पडतं हाच त्रास असतो. लोखंडी चाक लोखंडी रुळावर, पाऊस पडून रूळ ओले झाले की इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरून राहतात, म्हणून इंजिनात रेतीचे डबे असतात आणि चाकासमोर रुळावर रेती सोडतात. इटारसीच्या लाइनवर बैतूलकडे धाराखोहचा घाट आहे तिथे जड मालगाडीला मागून जास्तीचं इंजिन लावून ढकलतात. मोठीने लगेच ठोकळ्याखाली सनमायकावर चिमूटभर रेती टाकून पाहिली तर आधी उलटंच झालं, रेतीचे दाणे कंच्यांसारखे खालून गडगडले आणि ठोकळा लवकर घसरला. काकांकडे परत गेली. ते म्हणाले इंजिनाचं चाक इतकं जड असतं की दाण्याचा तिथेच चुरा होतो, तुझा ठोकळा हलका आहे, दाणा फिरून जातो. एका चिमूटभर रेतीत एवढं निघालं.

दोन वह्यांचा प्रयोगही पुस्तिकेत आहे, शंभर पानी दोन वह्या पानात पान घालून ओढायच्या. हा जरूर करा, फक्त घाईत पाच-पाच पानं एकदम घालू नका, एकेक किंवा फार तर दोन-दोन, अर्धा तास लागतो. माझ्या नवऱ्याने आणि दिराने दोन्हीकडून ओढल्या, सुटल्या नाहीत, शेवटी एका वहीचं कव्हर फाटलं. आतली पानं कडेला थोडी तिरपी होतात म्हणून आपण ओढतो त्या जोराचा काही भाग पानांना एकमेकांवर दाबतो, जितकं ओढाल तितकं घट्ट. तांदळाच्या बाटलीत पेन्सिल खुपसून बाटली उचलायचा प्रयोग मात्र पुस्तिकेतल्या चित्राप्रमाणे केला तर होत नाही, त्यांनी चित्रात रुंद डबा दाखवलाय. निमुळत्या गळ्याची बाटली घ्या, तांदूळ ठोकून ठोकून गच्च भरा, मग पेन्सिल दहा-बारा वेळा खुपसा, तेव्हा उचलली जाते. तांदूळ नंतर शिजवायला चालतो, फक्त पेन्सिल धुवून घ्या.

मागच्या रविवारी पोरांना गांधीसागरजवळच्या रमण सायन्स सेंटरला घेऊन गेलो होतो. ते मला लहानपणापासून आवडतं, आणि ज्यांच्या नावाने ते आहे ते सी. व्ही. रमण काही काळ नागपुरातच अकाउंट्सच्या सरकारी नोकरीत होते हे पोरांना सांगितलं की त्यांना फार नवल वाटतं. पण एरवी पोरं तिथे बटण दाबतात आणि पुढच्याकडे पळतात. यावेळी मोठी एकेका मॉडेलसमोर थांबून विचारत होती की हे असंच का आणि दुसरं केलं तर काय होईल. आणि बाहेर आल्यावर पार्किंगमध्ये वाकून माझ्या ॲक्टिव्हाचं मागचं टायर बघितलं, नक्षी पूर्ण गेलेली. म्हणाली आई, पावसाचं पाणी जायला याला रस्ताच नाही राहिला. मी दुसऱ्या दिवशी टायर बदललं. सिमेंट रोडवर पहिल्या पावसात धूळ आणि ऑइल वर येऊन किती गाड्या घसरतात ते आपण सगळे बघतो.

घ्यावं का? ९ ते १३ वयाचं मूल असेल तर घ्या, फळी, ठोकळा आणि काटा एवढ्यासाठी ७८० मला जास्त नाही वाटले. त्याहून लहान असेल तर कंचे आणि लाकडी बैल पुरे आहे, किट नको. मोठी माणसं सोबत बसणार नसतील तरी नको, कारण पुस्तिकेच्या भरवशावर सोडलं तर पोरं चुकीचं शिकतील. हाताशी सुतार असेल तर बिजागरीची फळी त्याच्याकडून करून घ्या, पॉलिश पेपर हार्डवेअरच्या दुकानात नंबरवर मिळतो, १२० चा घ्या, बारीक नको.

पान ९ ची चूक मी दुकानदाराला जाऊन सांगितली, मोठीची वही पण दाखवली. त्यांनी शांतपणे सगळे आकडे वाचले, वहीच्या त्या पानाचा फोटो काढला आणि म्हणाले बनवणाऱ्याला पाठवतो. वाकड्या स्टिकरचं विचारलं तर नवीन कोनमापक दिला, पैसे घेतले नाहीत.

आता एक मदत पाहिजे. यंदाच्या तान्ह्या पोळ्याला लहान्याला बैलाच्या चाकात बेअरिंग बसवायचे आहेत. चाकं ५ सेंमीची आहेत आणि आस ८ मिलिमीटरचा, म्हणजे ६०८ नंबरचा बेअरिंग बसेल असं काका म्हणतात. चार नग सुटे पाहिजेत, गांधीबाग किंवा इतवारीत कुठे मिळतील कोणाला माहीत असेल तर सांगा, पोरगा रोज विचारून राहिला.